‘देवाचा निरोप’ आला की आधी वही काढा

आमच्या स्वयंपाकघरात फळीवर, शेंगाचटणीच्या बरणीला टेकून एक शंभरपानी वही असते. कोणी म्हणालं, "ताई, प्रभूने तुमच्यासाठी संदेश दिलाय," की मी म्हणते, "थांबा, लिहून घेते." बऱ्याच जणांचा आवाज तिथेच खाली येतो.

लिहायचं ते त्यांच्याच शब्दांत. तारीख, सांगणारा कोण, समोर कोण होतं, आणि पैशाचा विषय निघाला का. "मोठा आशीर्वाद येतोय" एवढंच असेल तर विचारायचं, कसला आणि कधीपर्यंत? बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकातली (18:22) कसोटी सरळ आहे: परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर ते त्याचं नव्हे. पण नेमकं काय सांगितलं होतं हेच सहा महिन्यांनी कोणाला आठवत नसेल, तर कसोटी लावायची कशाला?

ही वही सुरू झाली आमच्या ह्यांच्या शुगरवरून. बाहेरगावच्या एका सेवकाने, म्हणजे प्रचारकाने, घरच्या प्रार्थनासभेत ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "देव सांगतोय, तू बरा झालास. आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास." ह्यांनी डबी कपाटात टाकली. अकराव्या दिवशी टॉवेलच्या कारखान्यात, चालू मागाजवळच चक्कर येऊन पडले. शुगर चारशेच्या वर. नंतर तो सेवक म्हणतो, "मी असं बोललोच नाही." लिहिलेलं कुठे होतं? तेव्हा औषध बंद करा असा निरोप आला तर लिहून घ्या, आणि गोळी वेळेवर घ्या.

आमच्या चाळीत एका काकूंच्या अंगात येतं. मंगळवारी, शुक्रवारी बायका प्रश्न घेऊन बसतात. मी त्यांच्याकडे चहाला जाते, प्रश्न घेऊन जात नाही. त्यांना हसतही नाही, कारण आमच्यातले लोक त्यांना नावं ठेवतात आणि रविवारी पास्टरांना तोच प्रश्न विचारतात, "पोरीचं लग्न कधी जमेल?" नाव येशूचं, बाकी कौल लावणंच.

बायबलमधल्या शौल राजाचं असंच झालं. भूतविद्या करणाऱ्यांना त्यानेच देशातून हाकललं होतं. देव उत्तर देईना, तेव्हा वेष पालटून रात्री एन-दोरच्या बाईकडे गेला (1 शमुवेल 28). हाती काय आलं? उद्या मरशील, एवढंच. ती बाई मात्र माणुसकीची हो, घरचं वासरू कापून, भाकरी भाजून त्याला जेवायला घातलं.

"पण सांगितलेलं खरं निघालं तर?" हा प्रश्न मला नेहमी येतो. फिलिप्पै शहरातली भविष्य सांगणारी एक दासी प्रेषित पौलाच्या मागे ओरडत होती की हे परात्पर देवाचे दास आहेत (प्रेषितांची कृत्ये 16). शब्द न शब्द खरा. तरी पौलाने तिच्यातला आत्मा घालवला, आणि चिडले कोण, तर तिच्या भविष्यावर कमाई करणारे मालक. म्हणून खरं-खोटं बघून झालं की वहीत आणखी दोन ओळी लिहायच्या: ह्यात कोणाचा खिसा भरतोय? आणि हे मला प्रभूकडे नेतंय की सांगणाऱ्याच्या दाराशी?

एकट्याने ठरवायचं नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सांगतो, संदेश देणाऱ्या दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारखावं. मी वही पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्या बायकांना दाखवते. त्यातली एक जन्मभर विड्या वळलेली आहे, तिला कच्चं पान हाताला कळतं.

आणि तोंडावर भांडायचं नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या काळात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा म्हणाला, दोन वर्षांत मंदिराची पात्रं बाबेलहून परत येतील. यिर्मया म्हणाला, "आमेन, परमेश्वर तसं करो," पण शांतीचं भाकीत खरं ठरेल तेव्हाच संदेष्टा ओळखू येईल, हेही त्याने ऐकवलं. पुढे यिर्मयाने गुलामीची खूण म्हणून मानेवर घेतलेलं जू हनन्याने मोडलं, तेव्हा यिर्मया गुपचूप आपल्या वाटेने गेला. मीही आमेन म्हणते, चहा ठेवते, आणि चहा उकळेपर्यंत तारीख घालते.