कोंबड्यांच्या अंगणात वाळू टाकली, पण आधी चुकीची

पहिल्या वेळी मी गिलाव्याची बारीक वाळू आणली. हाताला मऊ लागली, म्हटलं कोंबड्यांच्या पायांना बरी. कोरडी होती तोवर नुसती धूळ. कोंबड्या लोळल्या की ढग उठायचा आणि मला ठसका लागायचा. एका पावसात तिचा लगदा झाला, विष्ठा त्यातच कालवली गेली आणि चार दिवसांत नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास सुटला.

सगळी उपसली. यावेळी काँक्रीटसाठी वापरतात ती धुतलेली जाड वाळू घेतली. तिच्यात जाड कण जास्त असतात आणि बारीक गाळ धुऊन गेलेला असतो, त्यामुळे पाणी खाली झिरपतं. शिवाय दाणे दळायला कोंबड्यांना पोटात खडे लागतातच, ते त्या त्यातूनच वेचतात.

घेण्याआधी बरणीची परीक्षा केली. निम्मी बरणी वाळू, वर पाणी, जोरात हलवून रात्रभर ठेवली. सकाळी वाळूवर गाळाचा जेमतेम एक पापुद्रा होता. जुन्या वाळूवर बोटभर चिखल बसला होता! ही परीक्षा आधी सुचली असती तर एवढं फावडं मारावं लागलं नसतं.

खालची जमीन चिकणमातीची, म्हणून आधी एका बाजूला उतार काढला, मग १५ सेंटिमीटर थर दिला. आता रोज सकाळी लांब दांड्याच्या चाळणीने विष्ठा उचलतो. वाळू गळून जाते, गोळ्या वर राहतात. त्या थेट खताच्या खड्ड्यात. पाण्याच्या भांड्याभोवती मात्र अजून ओल राहते, तिथली वाळू अधूनमधून उलटवावी लागते.