डिस्नीचे डीव्हीडीवाले सिक्वेल बघायचेत? मग असे निवडा

पोरांचा एखादा डिस्नी पिक्चर तोंडपाठ झाला की "आता दुसरा पार्ट लाव" सुरू होतं आणि तिथेच गोंधळ होतो, कारण 1994 ते 2008 मध्ये डिस्नीने थिएटरला न लावता थेट व्हीएचएस (व्हिडिओ कॅसेट) आणि डीव्हीडीवर ढीगभर सिक्वेल काढले, सगळे कमी बजेटमध्ये, पण सगळे सारखे नाहीत हो.

आधी बघा गोष्ट एकच आहे की तुकडे जोडलेत. अटलांटिसचा 2003 चा दुसरा पार्ट रद्द झालेल्या टीव्ही सिरियलच्या एपिसोड्सचा बनवलाय, त्यामुळे असला पिक्चर सलग बघू नका, रोज एक तुकडा लावा, बरा वाटतो. सिंड्रेला 2 मध्येपण तीन सुट्या गोष्टी आहेत. त्यातली फक्त तिसरी बघा, सावत्र बहीण अनास्तासिया एका बेकरीवाल्याच्या प्रेमात पडते ती, आणि मग थेट 2007 चा सिंड्रेला 3 लावा. त्यात सावत्र आई परीची कांडी पळवून काळच मागे फिरवते आणि काचेची चप्पल अनास्तासियाच्या पायात बसते! तिच्या मनाची ओढाताण इतकी छान दाखवलीय की मला तरी हा या सगळ्यांतला सगळ्यात भारी वाटतो.

अल्लादिनचं म्हणाल तर दुसऱ्या पार्टमध्ये (1994) जिनीला पहिल्या पार्टमधल्या रॉबिन विल्यम्सचा आवाज नाही, तो 1996 च्या तिसऱ्यात परत आला. जिनीसाठीच बघणार असाल तर तिसराच लावा.

लायन किंग 1½ (2004) म्हणजे लायन किंगचीच गोष्ट, पण सिंबाचे दोस्त टिमॉन-पुंबा यांच्या नजरेतून, म्हणून मूळ पिक्चर आदल्या दिवशीच बघून घ्या, नाहीतर निम्मे जोक डोक्यावरून जातात.

आणि बॅम्बी 2 चुकवू नका. मूळ पिक्चर 1942 चा, हा 2006 चा, पण गोष्ट पुढची नाहीये, मधली आहे. मूळ पिक्चरमध्ये आई गेल्यावर लगेच वसंत येतो आणि बॅम्बी मोठा झालेला दिसतो, मधल्या दिवसांत बापाने त्या पिल्लाला कसं सांभाळलं ते इथे बघायला मिळतं. बॅम्बीची आई गेली म्हणून तुमचं पोरगं रडून झोपलं असेल ना, तर दुसऱ्या दिवशी हा नक्की लावा, आणि शेजारी बसून बघा.