पांढरी वाइन मे महिन्यात गढूळ होऊ नये म्हणून

फेब्रुवारीत नाशिकची द्राक्षं स्वस्त झाली की मुंबईतल्या हौशी मंडळींच्या बरण्या भरतात. (राज्यात परवान्याशिवाय वाइन बनवता येत नाही, ते आधी बघून घ्या.) एप्रिलपर्यंत काचेसारखी दिसणारी पांढरी वाइन मेच्या उकाड्यात गढुळते. ती नासलेली नसते. द्राक्षातली प्रथिनं उष्णतेने उलगडतात आणि एकमेकांना चिकटतात.

यावर उपाय बेंटोनाइटचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मातीचा. तिच्या कणांवर ऋण भार, वाइनमधल्या प्रथिनांवर धन भार. दोन्ही एकमेकांना धरून तळाशी बसतात. कच्छमध्ये बेंटोनाइट भरपूर निघतं, पण ओतकामाचं किंवा बोअरिंगचं आणू नका; वाइनसाठीचं, खाद्य दर्जाचंच घ्या.

२०० मिली पाणी ६० अंशांपर्यंत तापवा आणि ढवळत ढवळत १० ग्रॅम पूड त्यात भुरभुरा. पाण्यात पूड, पुडीवर पाणी नाही. २४ तास भिजू द्या, पातळ पिठल्यासारखं होतं. पहिल्या वर्षी मी कोरडी पूड थेट बरणीत टाकली होती. गुठळ्या तळाला गेल्या, आतून कोरड्याच, आणि वाइन होती तशीच राहिली.

आता चाचणी. ही टाळू नका, कारण जास्त माती प्रथिनांबरोबर वासही ओढून नेते. पाच बाटल्यांत प्रत्येकी २०० मिली वाइन घ्या. एक तशीच ठेवा, बाकीच्यांत औषधाच्या सिरिंजने १, २, ३, ४ मिली मिश्रण घालून हलवा. म्हणजे लिटरला पाव ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत. फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा, वरची निवळ फिल्टर पेपरमधून गाळा आणि दोन तास ८० अंशांच्या पाण्यात बाटल्या ठेवा. गार झाल्यावर अंधारात बाजूने टॉर्च मारा. प्रकाशाचा पट्टा दिसला, तर प्रथिनं उरली आहेत. पट्टा न दिसणारी सर्वांत कमी मात्रा तुमची.

समजा २ मिलीची बाटली स्वच्छ निघाली, तर पाच लिटरच्या बरणीला ५० मिली. ढवळत बारीक धारेने घाला, झाकण लावा आणि दहा-बारा दिवस हलवू नका. मग नळीने वरची वाइन दुसऱ्या बरणीत उतरवा. गाळ फुगीर असतो, थोडी वाइन त्यात जाणारच. तिच्या मोहाने नळी खाली नेऊ नका.

लाल वाइनला सहसा याची गरज नसते. तिच्यातली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यंच, प्रथिनं खाली बसवतात, आणि माती घातली तर रंग उतरतो.