नकाशा पास झाला, पण घर नियमात बसलं का? बांधकाम नियम वापरताना या चुका टाळा

लातूरच्या एका साइटवर मागच्या उन्हाळ्यात कॉलमच्या रिंगा (उभ्या गजांना कवळून धरणाऱ्या लोखंडी कड्या) बांधून तयार होत्या आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीट होतं. एक रिंग निरखून पाहिली तर तिची दोन्ही टोकं काटकोनात वळवलेली. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, आत वळवायला लई टाइम जातंय. आन् काँक्रीट पडल्यावर कोण बगतंय?" घरमालक शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "नकाशा तर पास झालाय की, मॅडम."

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. नकाशा पास होतो तो राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीनुसार. ही नियमावली २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. तिच्यात चटई क्षेत्र, सामासिक अंतरं (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), उंची, पार्किंग या गोष्टी येतात. भूकंपाचा जोर किती धरायचा हे आयएस १८९३ हे भारतीय मानक सांगतं आणि रिंगेचं टोक कसं वळवायचं हे आयएस १३९२०. तुमच्या रिंगा मोजायला मंजुरीच्या टेबलावरून कुणी साइटवर येत नाही. ती जबाबदारी आपली आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची.

त्या टोकाचं इतकं काय, असं बरेच जण विचारतात. भूकंपात कॉलमवरचा बाहेरचा काँक्रीटचा थर आधी फुटून पडतो. काटकोनात वळवलेली रिंग तेव्हा उघडते, उभे गज बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. टोक १३५ अंशांत वळवलं की ते कॉलमच्या गाभ्यात रुतून राहतं, थर गेला तरी रिंग सुटत नाही. वळणापुढची लांबी गजाच्या जाडीच्या सहापट किंवा ६५ मिलिमीटर, यांतली जी जास्त असेल ती ठेवायची. म्हणजे ८ मिलिमीटरच्या रिंगेला ६५. आम्ही त्या दिवशी काँक्रीट थांबवलं. जी टोकं पुरेशी लांब होती ती पाइप घालून आत वळवली, आखूड टोकांच्या रिंगा बदलल्या. दीड दिवस गेला.

दुसरी चूक जुने नकाशे पुढे चालवण्याची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हा भाग देशाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशावर झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. माळवदाच्या घरांच्या दोन पदरी दगडी भिंती होत्या, मध्ये चिपा आणि मातीचा भराव, दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच. वर मातीचा जड थर. भिंतीचे पदर सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. २००२ मध्ये आयएस १८९३ सुधारलं आणि लातूर, धाराशिव झोन ३ मध्ये गेले. छत्रपती संभाजीनगर त्यात झोन २ मध्ये राहिलं, म्हणून तिथल्या घराचा नकाशा उचलून लातुरात वापरता येत नाही. तरी १३५ अंशांच्या रिंगा मी झोन २ मध्येही घालायला लावते. हिंगोली-नांदेड भागाला २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैत बसलेले धक्के अजून लोकांच्या लक्षात आहेत.

भिंतीत लपणारा नऊ इंची कॉलम ही याच चुकीची बहीण. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. नऊ इंच म्हणजे २३० मिलिमीटर. घरमालकाला खोलीत कॉलमचा भिंतीबाहेर आलेला भाग नको असतो, आणि ते मला पटतं. पण तो भाग कपाटाच्या मागे, दाराआड किंवा बाहेरच्या बाजूला जिरवणं हे आर्किटेक्टचं काम आहे. ते पहिल्या स्केचमध्येच करावं लागतं. फर्निचरपर्यंत ठरल्यावर इंजिनिअरकडे कागद पाठवला तर तो तरी काय करणार?

रस्त्याकडेच्या घरांत आणखी एक धोका असतो. खाली दुकानांची शटरं नाहीतर पार्किंग, वर दोन मजले भक्कम भिंतींचे. खालचा मजला मऊ राहतो आणि भूकंपाची सगळी हालचाल त्याच्यावर येते. घरमालकाला हे समजावताना मी काडेपेटीच्या काड्यांवर वीट ठेवून हलवून दाखवते. खाली दोन्ही दिशांना काँक्रीटच्या भिंती घ्याव्यात किंवा इंजिनिअरकडून त्या मजल्याची ताकद मुद्दाम वाढवून घ्यावी. नुसते कॉलम थोडे जाड केले की झालं, असं धरू नका.

सामासिक अंतरात माझीच एकदा चूक झाली होती. जागेवर रस्ता जेवढा दिसत होता तेवढा धरून मी पुढचं अंतर काढलं. विकास योजनेत तोच रस्ता रुंद दाखवला होता. जोतं घातल्यावर ते कळलं आणि पुढची खोली कापावी लागली. तेव्हापासून मोजणीचा नकाशा आणि विकास योजनेचा उतारा हातात आल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही. गुंठेवारीत, म्हणजे लेआउट मंजूर नसताना तुकड्यांनी विकलेल्या प्लॉटवर, तर अजिबात नाही.

काळ्या मातीबद्दल थोडक्यात: ती पावसाळ्यात फुगते, वैशाखात भेगाळते. शेजाऱ्यानं चार फूट खोदलं म्हणून आपणही चार फूट, हा हिशोब धरू नका. मुरूम किंवा खडक जवळ असेल तर पाया तिथवर न्या. खोल काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल जाणारे, खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) घ्यावे लागतात, त्यांची लांबी किमान साडेतीन मीटर. जोत्याभोवती पक्की फरशी करून पावसाचं पाणी पायापासून लांब काढा. पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पाऊसपाणी साठवण किंवा पुनर्भरण सक्तीचं आहे. २०१६ ला रेल्वेनं पाणी आणलेल्या लातुरात खरं तर लहान प्लॉटवरही ते करावं. फक्त पुनर्भरणाचा खड्डा पायाला खेटून नको.

चूक आधीच झाली असेल तर? काँक्रीट पडलेलं नसेल तर काम थांबवा, फोटो काढा, इंजिनिअरला बोलवा. जोतं अंतरात घुसलं असेल तर स्लॅबच्या आधी सुधारित नकाशा टाका. वरचे मजले चढल्यावर मार्ग फार थोडे उरतात. बारीक कॉलम भरून झाला असेल तर त्याला गज आणि काँक्रीटचं जॅकेट करता येतं, मात्र हिशोब करून. भिंतीला तिरकी भेग दिसली तर लगेच लांबी (पुट्टी) भरून रंग लावू नका. तिच्या दोन टोकांवर पेन्सिलीनं खूण करा, तारीख टाका आणि निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा तिच्यावर लक्ष ठेवा. मात्र भेग कॉलमला किंवा बीमला असेल तर वाट न पाहता त्याच आठवड्यात इंजिनिअरला दाखवा.