परदेशात आजारी पडण्यापूर्वी या चुका टाळा

गोव्यातील फोंड्यात गेली २८ वर्षे मी फार्मसी चालवीत आहे. मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघालेली मंडळी विमानाच्या आदल्या संध्याकाळी दुकानात येतात, पहाटे मोपा विमानतळाला जायची टॅक्सी ठरलेली असते आणि त्यांना सहा महिन्यांच्या गोळ्या दहा मिनिटांत हव्या असतात. परदेशात उपचार मिळत नाहीत अशी तक्रार नंतर हीच मंडळी करतात. माझ्या अनुभवात त्यातील निम्म्या अडचणी माझ्या काउंटरसमोर, याच घाईत जन्माला येतात.

सर्वांत जास्त गोंधळ मी आकड्यांचा पाहिला आहे. आमच्या ओळखीचे एक जोडपे लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडमध्ये स्विंडनला गेले होते. गृहस्थांना जुना मधुमेह असल्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी केली आणि अहवालात ५८ हा आकडा आला. लेक प्रसूतीसाठी रुग्णालयात, जावई तिच्यासोबत आणि घरी ही दोघेच. रक्तातील साखर ५८ वर घसरली असे समजून काकींनी त्यांना दोन चमचे साखर चारली आणि पाठोपाठ लेकीसाठी नेलेले दोन लाडूही दिले. मग शेजाऱ्याचे यंत्र आणून तपासले, तर ते १४.६ दाखवू लागले. इथे रात्रीचे अडीच वाजले होते. “भाई, साखर चौदावर उतरली, माणूस मात्र खुर्चीत बसून बोलतोय, आता काय करू?” असा त्यांचा फोन आला. मी आधी लाडूंचा डबा बंद करायला सांगितले आणि मग आकड्याच्या पुढे काय लिहिले आहे ते एकेक अक्षर वाचून घेतले. इंग्लंडमध्ये एचबीए१सी टक्क्यांत न देता मिलिमोल प्रति मोल या मापात देतात. तिथले ५८ म्हणजे आपले साधारण साडेसात टक्के. घरच्या यंत्रावरची साखरही तिथे मिलिमोल प्रति लिटरमध्ये दिसते, त्या आकड्याला १८ ने गुणले की आपला मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. म्हणजे १४.६ हे आपले २६३ होते आणि साखर उतरलेली नव्हती, लाडवांनी ती आणखी चढवली होती. तेव्हापासून मधुमेही ग्राहक परदेशी निघाला की मी त्याला त्याचे इथलेच यंत्र आणि पुरेशा पट्ट्या सोबत न्यायला लावतो, आणि तिथल्या यंत्रावरचा आकडा वाचायची वेळ आलीच तर म्हणून डबीवर ‘तिथला आकडा गुणिले १८’ असे मार्करने लिहून देतो. हे काही शास्त्रशुद्ध मार्गदर्शन नव्हे, पण त्यानंतर मला मध्यरात्री साखरेचा फोन आलेला नाही.

दुसरी चूक खास आपल्या गोव्याची आहे. पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला की युरोपभर उपचार फुकट, असा समज डिचोलीपासून काणकोणपर्यंत पसरलेला आहे आणि तो मोडताना माझा आवाज नेहमी थोडा चढतो. या देशांत सरकारी उपचाराचा हक्क तुम्ही राहता कुठे यावर ठरतो, पासपोर्टच्या रंगावर नव्हे. पोर्तुगालमध्ये सरकारी आरोग्य सेवेत येण्यासाठी तिथले वास्तव्य आणि ‘उतेन्ते’ क्रमांक, म्हणजे रुग्ण म्हणून नोंदणीचा क्रमांक, लागतो. लिस्बनला उतरल्यावर पहिल्या आठवड्यात आरोग्य केंद्रात जाऊन तो काढण्याऐवजी दाढ सुजेपर्यंत थांबणारे तरुण मला अजिबात समजत नाहीत. ब्रिटनमध्ये तर २०२० अखेरीस युरोपीय नागरिकांची मुक्त ये-जा थांबली, त्यामुळे आता नव्याने तिथे राहायला जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकालाही व्हिसा लागतो. सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ तिथे राहण्यासाठी व्हिसा घेणाऱ्यांना आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो; फेब्रुवारी २०२४ पासून तो बहुतेक प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे. नातवंडांना भेटायला जाणारे आईवडील हा अधिभार भरत नाहीत आणि म्हणून त्यांना ते संरक्षणही नसते. इंग्लंडमध्ये अपघात विभागातील तातडीचे उपचार सर्वांना विनाशुल्क आहेत, परंतु रुग्ण वॉर्डात दाखल झाला की पाहुण्याला सरकारी दराच्या दीडपट बिल लावले जाते. ५०० पौंड किंवा त्याहून अधिक रक्कम थकली, तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. मुलगा तिथे कर भरतो म्हणून आईला सूट मिळत नाही.

आपले दीनदयाळ कार्ड घेऊन निघणारेही मी पाहिले आहेत. ती गोवा सरकारची आरोग्य विमा योजना आहे आणि तिचा परदेशातील रुग्णालयाशी काहीही संबंध नाही.

म्हणून विमा घ्यावा लागतो. युरोपातील बहुतेक देशांना सामाईक असलेल्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा असल्यामुळे लोक तो घेतात. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाला अशी सक्ती नाही, म्हणून तिथे जाणारे तो हमखास टाळतात. जे घेतात तेही हप्ता वाढेल या भीतीने रक्तदाब लपवतात. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी जुन्या कागदांतून बाहेर येतोच, आणि मग पॉलिसीची किंमत रद्दीइतकी राहते.

औषधांविषयी बोलायचे तर कंपनीचे नाव पाठ करून जाऊ नका, घटकाचे नाव आणि मात्रा लिहून न्या. आपल्याकडील दोन-तीन औषधांच्या कित्येक मिश्र गोळ्या तिथे मिळतच नाहीत, आणि आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्लंडमधील फार्मसी औषध देत नाही. आपले पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने विकले जाते. आखातात जाणाऱ्यांनी अधिक जपावे: ट्रामाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि पायांच्या जळजळीवर आपल्याकडे सर्रास दिले जाणारे प्रिगॅबालिन ही संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधे आहेत आणि त्यांच्यासाठी तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी लागते. शागोतीच्या मसाल्यासाठी बांधून घेतलेली खसखसही तिथे निषिद्ध आहे. ती माझ्या दुकानात मिळत नसली तरी मी प्रत्येकाला विचारतो.

पट्टीतून कापलेल्या सुट्या गोळ्या नेऊ नका. इन्सुलिन हातातल्या सामानात ठेवा, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. १०८ हा क्रमांक इथेच सोडून जा: रुग्णवाहिकेसाठी ब्रिटनमध्ये ९९९, पोर्तुगालमध्ये ११२ आणि अमिरातीत ९९८. जिवावर बेतलेले नसेल तर इंग्लंडमध्ये १११ वर आणि पोर्तुगालमध्ये ८०८ २४ २४ २४ वर आधी सल्ला मिळतो.

हे सगळे मी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर लिहून देतो आणि पासपोर्टच्या वेष्टणात मागे सरकवतो. त्याला पंधरा मिनिटे लागतात, तेव्हा निदान आठवडाभर आधी, दुपारी गर्दी नसताना या.