ग्रबमधील बदल: आधी एका बूटपुरता, मग कायमचा

संगणक सुरू होताना (म्हणजे बूट होताना) फर्मवेअरकडून, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅमकडून, ताबा घेऊन लिनक्सचे कर्नल (यंत्रणेचा गाभा) मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम म्हणजे बूट लोडर, आणि उबुंटू, डेबियन यांसारख्या बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये) हे काम ग्रब २ करतो. इथली चूक संगणक सुरूच होऊ देत नाही, म्हणून कर्नलला द्यायचा नवा पर्याय आधी एका बूटपुरता तपासावा.

त्यासाठी संगणक चालू होताच फर्मवेअर नव्या प्रकारचे, म्हणजे यूईएफआय असल्यास एस्केप, तर जुने बायोस असल्यास शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू आणावा. उबुंटूत एस्केप दोनदा दाबली गेली, तर मेनूऐवजी ग्रबचा कोरा प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची ओळ) समोर येतो. मेनूतील हवी ती नोंद निवडून ‘ई’ दाबावे, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पर्याय लिहावा (पडदा काळाच राहत असेल, तर ‘नोमोडसेट’) आणि एफ१० दाबावे. हा बदल पुढच्या बूटला उरत नाही, आणि हीच त्याची सोय.

पर्याय लागू पडला, की ‘इटीसी’ डिरेक्टरीतील ‘डिफॉल्ट’मध्ये असलेली ‘ग्रब’ ही फाइल, तिची प्रत काढून ठेवून, सुडोने (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) उघडावी. ‘बूट’ डिरेक्टरीतील ‘ग्रब डॉट सीएफजी’ला मात्र हात लावू नये, कारण ती आपोआप तयार होते आणि त्यात केलेले बदल पुढच्या कर्नल अपडेटला पुसले जातात. तपासलेला पर्याय ‘सीएमडीलाइन लिनक्स डिफॉल्ट’च्या ओळीत, अवतरणचिन्हांच्या आत लिहावा. ‘टाइमआउट’, म्हणजे मेनू किती वेळ थांबेल ते, सेकंदांत असतो; उणे १ दिल्यास मेनू निवड होईपर्यंत थांबतो. आपोआप उघडायची नोंद ठरवणाऱ्या, याच फाइलमधील ‘डिफॉल्ट’च्या ओळीत नोंदींची मोजणी ० पासून होते, पण नोंदींचा क्रम बदलला की आकडा चुकतो. त्यापेक्षा तिथे ‘सेव्ह्ड’ लिहून ‘सेव्हडिफॉल्ट’ला ‘ट्रू’ करावे, म्हणजे मागच्या वेळी निवडलेली नोंदच पुन्हा उघडते. ‘बूट’ डिरेक्टरी एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणाऱ्या व्यवस्थेवर) असल्यास मात्र ग्रबला तिथे लिहिता येत नाही आणि ही युक्ती चालत नाही.

त्याच संगणकावर असलेले विंडोज मेनूत दिसत नसेल, तर त्याच फाइलमध्ये ‘डिसेबल ओएस प्रोबर’ला ‘फॉल्स’ करावे; ओएस प्रोबर म्हणजे इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम. २०२१ मध्ये आलेल्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून हा शोध मुळातच बंद असतो, आणि तो चालू करायला ‘बंद करा’ला ‘नाही’ म्हणावे लागते!

फाइल जतन केल्यावर डेबियन व उबुंटूत ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा सुडोने चालवावी. तिच्या उत्तरात प्रत्येक कर्नलची ‘फाउंड’ने सुरू होणारी ओळ दिसते, तशी एकही ओळ नसेल किंवा एरर आली असेल, तर रीबूट न करता काढलेली प्रत परत जागेवर ठेवून तीच आज्ञा पुन्हा द्यावी.