कोल्ड स्प्रेचा थर: आधी जोड, मग तन्यता

कोल्ड स्प्रेने, म्हणजे धातूची पावडर न वितळवता वेगाने फवारून, चढवलेला तांब्याचा थर कडकपणाच्या चाचणीत उत्तम उतरतो आणि वाकवायला घेतला की बिस्किटासारखा मोडतो, हा अनुभव अंधेरीतल्या आमच्या कार्यशाळेत पहिल्याच महिन्यात आला. मोडलेली कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा कणांचे गोल माथे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे सुटेसुटे दिसत होते. म्हणजे भेग कणांना फाडत न जाता त्यांच्या सीमांवरून निघाली होती.

या पद्धतीत पावडर वितळत नाही. तापवलेल्या, दाबाखालच्या वायूबरोबर नोझलमधून सेकंदाला कित्येकशे मीटर वेगाने निघालेले कण आदळून चपटतात, त्यांच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो आणि उघड्या पडलेल्या धातूचा धातूशी जोड होतो. याच आघाताने धातू कडकही होतो आणि त्याची ताणले जाण्याची ऐपत, म्हणजे तन्यता, जवळजवळ संपते. दोष असे दोन आहेत, कणांमधला कच्चा जोड आणि गेलेली तन्यता, आणि फवारणीनंतर थर तापवणारी भट्टी त्यांपैकी दुसरा सहज घालवते, पहिला मात्र अर्धामुर्धाच; म्हणून जोड फवारतानाच कमवावा लागतो.

सुरुवात पावडरपासून करावी. ऑक्सिजनचे प्रमाण कमी असलेली, साधारण १५ ते ४५ मायक्रॉनची गोलाकार पावडर घ्यावी. मुंबईच्या जुलैत उघडा राहिलेला डबा दुसऱ्या दिवशी चाळणीवर गुठळ्या टाकतो आणि फीडरमधून पावडर अडखळत येते, त्यामुळे आम्ही तांब्याची पावडर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर सुमारे ८० अंशांवर वाळवून तशीच बंद ठेवतो. ॲल्युमिनियमच्या बारीक पावडरीचा स्फोट होऊ शकतो, म्हणून तिथे अर्थिंग आणि धुळीचा बंदोबस्त आधी, वाळवणे नंतर.

फवारताना कणाचा वेग त्या धातूच्या क्रांतिक वेगाच्या, म्हणजे ज्याच्या खाली कण चिकटतच नाही त्या वेगाच्या, बराच वर राहिला पाहिजे. त्यासाठी नायट्रोजनचे तापमान आणि दाब यंत्राच्या मर्यादेत वाढवावेत, नोझल पृष्ठभागाशी ९० अंशांत धरावे आणि अंतर साधारण २५ ते ५० मिलिमीटर ठेवून तपासून ठरवावे. हेलियमने वेग खूप वाढतो, पण त्याचा खर्च पाहता तो परत मिळवण्याची सोय असेल तरच परवडतो. सच्छिद्रता कमी दिसली म्हणून समाधान मानू नये. घट्ट रचलेले कण एकमेकांना जुळलेले असतातच असे नाही, आणि ही चूक आम्ही दोनदा केली.

त्यानंतर ॲनिलिंग, म्हणजे थर भट्टीत तापवून मऊ करणे. तांब्याच्या एकाच थरातून कापलेल्या पट्ट्या ३००, ४००, ५०० आणि ६०० अंश सेल्सिअसला तासभर व्हॅक्यूममध्ये किंवा आरगॉनमध्ये ठेवाव्यात. पुनर्स्फटिकीकरण झाले, म्हणजे आघाताने विस्कटलेल्या धातूत नवे स्फटिक तयार झाले, की कडकपणा उतरतो आणि तन्यता वाढते; तापमान आणखी चढवल्यास कण-सीमांवर विसरण होऊन (अणू एका कणातून दुसऱ्यात सरकून) जोडही सुधारतो, मात्र स्फटिक मोठे होऊन बळकटी घटते आणि अडकलेल्या वायूने छिद्रे फुगू शकतात. ऑक्सिजनयुक्त तांबे हायड्रोजनमध्ये तापवू नये, कारण आत वाफ तयार होऊन धातू आतूनच फुटतो. ६०६१ सारख्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत पावडरीलाच आधी द्रावण-उपचार देऊन, म्हणजे मिश्रघटक धातूत विरघळेपर्यंत तापवून झटकन थंड करून, मऊ करणे हा मार्ग मला जास्त पटतो, कारण मऊ कण आदळताना सहज चपटतात.

निकाल ठरवायचा तो ताण-चाचणीवर, कडकपणाच्या आकड्यावर नव्हे. पट्ट्या थराच्या पातळीत कापाव्यात आणि थर पुरेसा जाड असेल तर काही उभ्याही, कारण उभ्या दिशेत कमजोरी आधी उघडी पडते. मोडलेला पृष्ठभाग प्रत्येक वेळी पाहावा: साबुदाणा दिसला तर नोझलकडे परतावे, आणि खळगेदार, ओढलेला धातू दिसला तरच भट्टीचे तापमान बारकाईने लावत बसावे.